आठ ग्रॅमचं बटण

त्याला सगळे तोळे म्हणायचे. कीबोर्डचं एक बटण खाली जायला किती वजन लागतं, हे तो मोजायचा. बटणावर सोनाराकडची चिमुकली वजनं एकावर एक ठेवायची आणि बटण बसलं की आकडा वहीत लिहायचा. असे चाळीसेक कीबोर्ड त्याने मोजले होते. त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा कोणाला उपयोगही नव्हता.

तो आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याची खोली जिन्याखाली होती. सरळ उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, म्हणून येणारा प्रत्येक जण वाकूनच आत यायचा. प्राचार्यसुद्धा. "नोकरीत एवढा मान कुणाला मिळतो?" तो म्हणायचा.

मी साहित्यात एम.ए. करत होते. लॅपटॉप बंद पडला म्हणून वाकून आत गेले. त्याने लॅपटॉपकडे पाहिलंही नाही.

"हात दाखव."

"भविष्य सांगतोस का?"

"माऊसचं. मनगट दुखतं ना तुझं?"

दुखत होतं. त्याने माझा पंजा कोऱ्या कागदावर ठेवला, पेन्सिलीने भोवती रेघ काढली, खाली तारीख घातली आणि कागद एका जाड फाइलीत लावला. त्या फाइलीत दोनशेच्या वर पंजे होते. ग्रंथपाल बाईंचा, शिपायाचा, नापास होऊन निघून गेलेल्या मुलांचा. पंजा पाहिल्याशिवाय तो कोणाला माऊस सुचवत नसे.

सल्ले मात्र तो न विचारताही द्यायचा. माऊस घेताना डोळे मीट, डोळे उघडे असले की माणूस रंग विकत घेतो. स्क्रीनमध्ये काटकसर करू नकोस, डोळे बदलून मिळत नाहीत. रंगीत दिव्यांचा कीबोर्ड घेणाऱ्याला तो विचारायचा, "तंबू कुठे ठोकलाय सर्कशीचा?" ग्रंथपाल बाईंच्या मुलाने पत्रं टाइप करायच्या मशीनमध्ये खेळांचं महागडं कार्ड बसवलं, तेव्हा तो फक्त "नाकापेक्षा मोती जड" म्हणाला आणि दोन दिवस बाईंशी बोलला नाही.

"उंटावरचा शहाणा आहे," आमचा शिपाई म्हणायचा. "पण शेळ्या हरवल्या की उंटापाशी आपणच जातो."

त्याचा सगळ्यात आवडता सल्ला एका शब्दाचा होता. थांब. दोन महिन्यांत नवं मॉडेल येतंय, आत्ता जुनं घेणं म्हणजे मूर्खपणा. माझा लॅपटॉप त्याने दुरुस्त केला, पण नवा घेऊ दिला नाही. मी तीन वर्षं थांबले. त्या तीन वर्षांत आमची मैत्री झाली आणि मी त्याच्या घरी जाऊ लागले.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आई, तो आणि त्याची मोठी बहीण. ताई शाळेत भूगोल शिकवायची. मोठ्या आवाजाची, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच धाक. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती म्हणाली होती, "ये. पंजा काढून झाला का तुझा? माझ्याकडे तर पायाचासुद्धा मागेल हा एक दिवस."

मग तिच्या हातून खडू पडायला लागला. आधी सगळे हसले, तीही हसली. नंतर कप पडला. नंतर जिना चढवेना. डॉक्टरांनी एक लांब नाव सांगितलं. त्याचा अर्थ असा की डोकं शाबूत राहणार आणि बाकीचं एकेक करून बंद होत जाणार. हात, पाय, जीभ, शेवटी श्वास. औषध नाही.

त्याच संध्याकाळी तोळेने ताईचा पंजा कागदावर ठेवला, रेघ काढली आणि तारीख घातली.

तिथून त्याचं काम सुरू झालं. ताईची बोटं साठ ग्रॅमचं बटण दाबू शकत नव्हती, तेव्हा त्याने पंचेचाळीसचं बसवलं. मग पस्तिसाचं. दर महिन्याला नवा पंजा काढायचा. तो मला जुने कागद एकावर एक धरून दाखवायचा. रेघा आत आत येत होत्या.

ताईची वाचा गेली तेव्हा कीबोर्डही संपला होता. फक्त उजवा अंगठा उरला. त्याने एकच बटण केलं आणि ते तिच्या अंगठ्याखाली पट्टीने बांधलं. समोरच्या स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी. एकेक ओळ उजळायची. आपली ओळ आली की दाबायचं, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर उजळायचं. आपलं आलं की पुन्हा दाबायचं. मात्रा वेगळ्या. एका शब्दाला पाच मिनिटं लागायची. वाक्य पुरं झालं की यंत्रातली बाई ते वाचायची.

त्या बाईचा आवाज ताईला मुळीच आवडला नाही. तिने लिहिलं, "ही आपल्या घरात राहते आणि भांडी घासत नाही."

आई पदराने डोळे पुसत हसली. तोळे हसला नाही. त्याने लगेच दुसरे सहा आवाज आणून ऐकवले. ताईला सगळे ऐकावे लागले.

हे असं नेहमी व्हायचं. ताईला एखादी गोष्ट जमायला लागली की त्याला तिच्यातला दोष दिसायचा. बटण वीस ग्रॅमचं होतं, त्याने बारावर आणलं. ओळींचा क्रम बदलला. उजेडाचा रंग बदलला. प्रत्येक बदलानंतर ताई चार दिवस चुकत राहायची. चुकलं की अख्खी ओळ पुन्हा फिरायची वाट बघायची.

"हेच राहू दे," तिने एकदा लिहिलं.

"भूगोलाची बाई आहे," तो मला म्हणाला. "नद्यासुद्धा जागच्या जागी हव्यात हिला."

ताईने बऱ्याच वेळाने लिहिलं, "तू हात स्थिर ठेव. माझा आहेच."

डोळ्यांनी चालणारं यंत्र असतं हे मला तेव्हा कळलं. ज्या अक्षराकडे बघावं, ते उमटतं. मी त्याला विचारलं, ते का नाही घेत?

"आत्ताचं उन्हात चुकतं. खिडकीपाशी पलंग आहे. नवं दोन महिन्यांत येतंय."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत अंगठा आहे."

तो हे इतक्या खात्रीने म्हणाला की मी मान डोलावली. या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा, अशी मला तीन वर्षांची सवय होती.

शुक्रवारी डॉक्टर घरी आले. श्वासाचं सांगता येत नाही, म्हणाले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा येतो, त्याच्या आत ठरवा. श्वास थांबायला लागला की गळ्याला छेद घेऊन नळी बसवता येते, मग यंत्र श्वास देतं. आयुष्य वाढतं, पण ते तसंच, पलंगावरचं. कोणी घेतात, कोणी नको म्हणतात, दोन्ही बरोबर.

"त्यांचं त्यांनी सांगावं," ते आईला म्हणाले. "त्यांच्या शब्दांत. लिहून आलं, की आम्ही तसंच करू. नाहीतर ऐन वेळी घरच्यांची सही लागेल."

आईने ताईकडे पाहिलं. ताईने डोळे वर नेले. वर म्हणजे हो. मिटले म्हणजे नाही. एवढं अजून बटणाशिवाय चालत होतं.

रविवारी दुपारी ती लिहायला बसली. आम्ही तिघं मुद्दाम आतल्या खोलीत गेलो. चहा झाला, भांडी झाली. दोन तासांनी मी बाहेर आले तेव्हा ती झोपली होती. स्क्रीनवर लिहिलं होतं, "मला नळी चालेल पण".

पुढे काही नव्हतं. उजळलेली ओळ फिरत होती.

"पण काय?" आई म्हणाली.

"उठली की लिहील," तोळे म्हणाला. "दमलीय. बारा ग्रॅम जड पडतंय तिला."

सोमवारी सकाळी मी गेले तेव्हा ताईच्या अंगठ्याखाली काही नव्हतं. बटण टेबलावर होतं, उघडलेलं. आत केसाएवढं पातळ पातं असतं, तेच दाबलं जातं. ते पातं त्याने एका जुन्या माऊसमधून काढलं होतं. माऊसची ती कंपनी कधीच बंद पडली होती.

"काय करतोस?"

"घासतोय. आठ ग्रॅमवर येईल. मग हिला बोट नुसतं टेकवलं तरी पुरे."

"तिचं वाक्य अर्धं आहे."

"दोन तासांचं काम आहे."

"जुनं राहू दे आणि दुसरं कर."

"असं पातं दुसरं नाही. बाजारातली मोजलीत मी. सगळी पंचवीसच्या वर." त्याने भिंग डोळ्याला लावलं. "तिला विचार. तीही हो म्हणाली."

मी पलंगाकडे पाहिलं. ताई माझ्याकडे बघत होती. मी तिला विचारायला हवं होतं. "चालेल ना ताई?" एवढंच. तिने डोळे मिटले असते, तर मी ते बटण त्याच्या हातून हिसकावून घेतलं असतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि कामाला गेले.

दोन तासांत पातं आठवर आलं आणि आणखी खालीही गेलं. संध्याकाळी बटण बांधलं, तर ताईच्या श्वासानेही ते दाबलं जायला लागलं. स्क्रीनवर अक्षरांचा चिखल झाला. त्याने ते सोडवलं आणि पातं परत वाकवायला बसला. मंगळवारी ते एका बाजूला कललं. मंगळवारीच ताईला सर्दी झाली. कुठून आली कोण जाणे. कदाचित माझ्याकडून. तिच्या छातीत घरघर ऐकू येऊ लागली. तो कॉलेजात गेला नाही. जिन्याखालच्या खोलीत लोक वाकून डोकावत होते आणि परत जात होते, असं शिपायाने मला फोनवर सांगितलं.

बुधवारी दुपारी बटण झालं. बरोबर आठ ग्रॅम. त्याने माझ्यासमोर तीन वेळा मोजलं. इतकं नाजूक काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याने ते ताईच्या अंगठ्याखाली ठेवलं, पट्टी गुंडाळली, स्क्रीन चालू केली.

ओळ उजळली. पुढची उजळली. सगळ्या ओळी फिरून पुन्हा पहिली उजळली.

"दाब, ताई."

ताई अंगठ्याकडे बघत होती. आम्ही सगळेच बघत होतो. अंगठा हलला नाही.

"जागा चुकलीय," तो म्हणाला. पट्टी सोडून पुन्हा बांधली. मग बटण तर्जनीखाली ठेवलं. मग गालाला लावून पाहिलं, मग भुवईला. अर्ध्या तासाने आई म्हणाली, "अरे, पुरे कर." त्याने तिचं ऐकलं. तो जमिनीवर बसला.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की अंगठा जाणारच होता. त्या दिवशी नाहीतर आठवड्याने. सोमवारी चालला असता का, असं तोळेने त्यांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. असं उत्तर त्याने स्वतः कधी कोणाला दिलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी आम्ही 'पण'च्या मागे लागलो. आई पलंगावर बसली होती. मी विचारत होते.

"पण घरी नको, हॉस्पिटलात ठेवा, असं?"

डोळे मिटले. म्हणजे नाही.

"पण काही दिवसच?"

मिटले.

"पण फार त्रास झाला तर काढा, असं?"

पुन्हा मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला गुंगी येत होती. नीट श्वास घेता येत नाही तेव्हा झोप येते. ती नाही म्हणत होती, की तिचे डोळे नुसते मिटत होते, ते कळायला मार्ग नव्हता. आधीच्या दोन 'नाही'चंही आता काही खरं नव्हतं.

"वर बघ गं," आई म्हणाली. "एकदा वर बघ."

ताईने प्रयत्न केला असावा. पापण्या थरथरल्या.

गुरुवारी सकाळी तिचे ओठ निळे पडले. गाडी बोलावली. मी आणि काकू, म्हणजे त्याची आई, ताईबरोबर बसलो. तोळे जिन्यात म्हणाला, "तुम्ही निघा, मी स्क्रीन आणि बटण घेऊन मागून येतो. तिला तिथे बोलायला लागेल." वायरी सोडवून, गुंडाळून, पिशवीत भरून यायला त्याला चाळीस मिनिटं लागली.

हॉस्पिटलात तेवढा वेळ नव्हता. तरुण डॉक्टरने आधी मलाच कागद दिला.

"आपण कोण?"

"मैत्रीण."

"मग नाही चालणार. आई, तुम्ही करा. लवकर."

काकूंनी पेन घेतलं आणि धरूनच राहिल्या. "हिने लिहिलंय चालेल म्हणून," त्या म्हणाल्या. "पण पुढे पण लिहिलंय."

"आई, वेळ नाही."

"मुलगा येतोय माझा."

"दहा मिनिटं नाहीत आपल्याकडे."

"अशी सही मी एकदाच केली होती," काकू मला म्हणाल्या, जणू आम्ही घरी बसून गप्पा मारत होतो. "ह्यांच्या ऑपरेशनची. ते आतून आलेच नाहीत. तेव्हापासून मी पेन धरत नाही पोरी. ह्याच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा ताईच करायची सही. विचार त्याला."

मग त्यांनी सही केली. अक्षर शाळेतल्या मुलीसारखं होतं. कागद नेला. तोळे पिशवी घेऊन आला तेव्हा दार बंद झालं होतं.

ताई वाचली. आठ दिवस तिला औषधांनी झोपवून ठेवलं होतं. गळ्यात नळी, शेजारी यंत्र. यंत्र दर चार सेकंदांनी उसासा टाकायचं. काकू बाहेरच्या बाकावर राहायला गेल्यासारख्या होत्या. मी डबा घेऊन गेले की एकच विचारायच्या, "तिला हवी होती ना गं नळी?"

"हो काकू. चालेल असं लिहिलं होतं."

"आणि पण?"

मी डबा उघडून पुढे करायचे. काकू जेवत नव्हत्या. रात्री उठून काचेतून आत बघायच्या. "मी तिच्या मनाविरुद्ध तर नाही ना केलं?" असं त्यांनी नर्सला विचारलं, झाडूवालीला विचारलं, शेजारच्या पेशंटच्या सासऱ्याला विचारलं.

नवव्या दिवशी ताईचे डोळे लख्ख उघडले. तोळेने बटण आणलं नाही. एका खोक्याचा पुठ्ठा कापून त्याने त्यावर हाताने अक्षरं लिहिली. पुठ्ठा तिच्यासमोर धरायचा. ओळीवर बोट ठेवायचं. तिने डोळे वर नेले की त्या ओळीतल्या अक्षरांवर एकेक करून बोट ठेवायचं. मी वहीत लिहायचं. यात मोजण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या दुपारी तीन शब्द झाले. "पण सही आईची". त्यानंतर तिला गुंगी आली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मी वही बंद केली. काकूंना सांगितलं की आज दमली, उद्या बघू.

दुसऱ्या दुपारी चार वाजता वाक्य पुरं झालं. मी ते सलग लिहिलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"मला नळी चालेल पण सही आईची नको. तू कर."

त्याने वाचलं. वही माझ्या हातात परत दिली. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत उभा राहिला. ताई त्याच्याकडे बघत होती. तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं की सही झाली आणि कोणी केली.

दार उघडलं. काकू हात पुसत आत आल्या. आमच्या उभं राहण्यावरूनच त्यांना कळलं असावं.

"झालं का लिहून?" त्यांनी विचारलं. "काय म्हणते?"

मी वहीचं पान उलटलं. कोरं पान वर आलं. तोळेने आईकडे न बघता पुठ्ठा उचलला.

"अजून नाही झालं, आई," तो म्हणाला. "अर्धंच आहे."

"मग कर की पुरं. मी बसते."

त्या स्टूल ओढून ताईच्या पायापाशी बसल्या. तोळेने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ताईने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. डोळे वर गेले नाहीत, मिटलेही नाहीत. तो दुसऱ्या ओळीवर गेला. तिसऱ्या. शेवटची ओळ झाली.

"दमली असेल," काकू म्हणाल्या. "सावकाश. मला घाई नाही."

मी पेन हातात धरून होते. त्याने पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.